तिसऱ्यांदा टायफॉईड, आणि थकवा तसाच

सातारा जिल्ह्यातल्या एका ताईंचं पत्र आहे. नाव-गाव त्यांच्या इच्छेनुसार देत नाही. वय ३६, घरी पाच गाई, तीन शेळ्या आणि थोडी शेती. पाच महिन्यांपासून त्यांना न सोसवणारा थकवा आहे. धारा काढून झाल्या की भिंतीला टेकून बसावं लागतं, भाकऱ्या थापताना हात गळून येतात. संध्याकाळी अंगात कसकस, पहाटे अंथरूण भिजेल इतका घाम, कंबरेत ठणका. वजन ५८ वरून ५२ किलोवर आलंय. तीन वेळा विडाल ही टायफॉईडची रक्तचाचणी 'पॉझिटिव्ह' आली, तिन्ही वेळा टायफॉईडची औषधं झाली. दर वेळी आठ-दहा दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच. मध्ये सात-आठ सलाईन आणि 'ताकदीची' इंजेक्शनंही झाली. फुल बॉडी चेकअपच्या पॅकेजात हिमोग्लोबिन १०.१ निघालं, बाकी सगळं नॉर्मल. आता घरचे म्हणतात, तू टेन्शन घेतेस. एका डॉक्टरांनी झोपेची गोळी दिली. ताईंची खात्री आहे की शरीरात कुठंतरी इन्फेक्शन लपलंय. त्या विचारतात, "पुण्याला जाऊन पेट स्कॅन करू, की एकदा जोरदार अँटिबायोटिकचा कोर्स घेऊन बघू?" पत्राच्या शेवटी, दुखण्यामुळं गोठ्याची आबाळ होते हे सांगताना त्या लिहितात: दिवाळीच्या सुमारास एक गाय सातव्या महिन्यात गाभडली (गर्भ पडला), वार अडकली होती, ती मीच हातानं काढली, त्यानंतर महिनाभरात माझंच दुखणं सुरू झालं. एक शेळी पुढच्या महिन्यात विणार आहे.

---

ताई,

तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची माहिती त्या शेवटच्या चार ओळींत आहे. तुम्ही ती गाईचं दुखणं म्हणून लिहिलीत. माझ्या मते ती तुमच्या दुखण्याची माहिती आहे, आणि आजवर ज्यांनी तुम्हाला तपासलं त्यांच्या कानावर ती बहुधा गेलेलीच नाही.

गाय पाचव्या महिन्यानंतर गाभडणं आणि वार अडकणं, या दोन गोष्टी जोडीनं आल्या की पशुवैद्याच्या मनात जी नावं येतात त्यात ब्रुसेलोसिस वरच्या ओळीत असतो. ब्रुसेला नावाच्या जिवाणूचा हा आजार. गाभडलेल्या वासरात, वारेत आणि त्या स्रावात हे जिवाणू अक्षरशः कोट्यवधींनी असतात. उघड्या हातानं वार काढताना नखांजवळच्या चिरांमधून, डोळ्यांत उडालेल्या थेंबातून किंवा श्वासावाटे ते माणसात शिरतात. एक ते चार आठवड्यांत, कधी काही महिन्यांनी, दुखणं सुरू होतं: चढ-उतार करणारा ताप, भिजवणारा घाम, सांधे आणि कंबर दुखणं, भूक जाणं, वजन उतरणं, आणि ज्याला दुसरं नाव सापडत नाही असा थकवा. तुमच्या पत्राशी हे पुष्कळ जुळतं. पण जुळतं म्हणजे तेच आहे असं नाही. टीबीचं चित्रही जवळपास असंच असतं, त्याबद्दल पुढं लिहितेच. पत्रावरून निदान होत नाही. कुठल्या दिशेनं शोधायचं, एवढंच सांगता येतं.

तुम्ही मोठी तपासणी शोधताय. लपलेला आजार आहे, म्हणजे तो पकडणारं यंत्रही मोठं हवं, असं वाटणं साहजिक आहे. पण पेट स्कॅन शरीरात कुठं जळजळ चालू आहे ते दाखवतो, ती कुठल्या जंतूनं लावली ते सांगत नाही. न उमगणाऱ्या तापात त्याचा उपयोग होतो, पण साध्या तपासण्या नीट करूनही काही हाती लागलं नाही तर, नंतर. ब्रुसेलाची पहिली तपासणी तर रक्ताच्या थेंबावर होते आणि फार महागही नसते. अडचण एकच असते. कुणीतरी ती मागावी लागते, आणि गोठ्याची हकिकत ऐकल्याशिवाय ती मागण्याचं डॉक्टरांना कारणच दिसत नाही.

फुल बॉडी पॅकेजचंही तसंच आहे. साठ-सत्तर आकडे येतात म्हणून काही सुटलं नसेल असं वाटतं. त्यात कोलेस्टेरॉल, थायरॉईड, साखर, जीवनसत्त्वं असतात. रक्ताचं कल्चर (रक्तातले जंतू लॅबमध्ये वाढवून बघणं) नसतं, ब्रुसेलाची चाचणी नसते, बऱ्याचदा छातीचा एक्स-रेसुद्धा नसतो. म्हणजे तुमचं इन्फेक्शन शोधूनही सापडलं नाही असं म्हणता येत नाही. ते अजून शोधलंच गेलेलं नाही.

आता विडालकडं येऊ. विडाल टायफॉईडचे जंतू पकडत नाही, त्यांच्याशी लढायला शरीरानं बनवलेली प्रतिपिंडं मोजते. आपल्याकडं टायफॉईड इतका पसरलेला आहे की पूर्वी कधी होऊन गेलेल्या किंवा लस घेतलेल्या माणसाच्या रक्तात ती थोडीफार असतातच, आणि दुसऱ्याच तापातही ती वर सरकू शकतात. एकदाच केलेल्या विडालवरून फार तर शंका घेता येते. टायफॉईड नक्की करायचा तर अँटिबायोटिक सुरू होण्याआधी रक्ताचं कल्चर लागतं. उपचार न केलेला टायफॉईडही साधारण तीन-चार आठवड्यांत एका टोकाला जातो, उतरतो नाहीतर जिवावर बेततो. पाच महिन्यांत तीन वेळा टायफॉईड होणं फार विरळा. तीन वेळा विडाल वाढलेली दिसणं मात्र अजिबात विरळा नाही.

मग औषधानं दर वेळी आठ-दहा दिवस बरं का वाटलं? ब्रुसेला शरीराच्या पेशींच्या आत दडून राहतो. टायफॉईडच्या काही औषधांनी तो थोडा दबतो, मरत नाही. शिवाय हा ताप औषधाविना आपोआपही ओसरतो आणि परत येतो. तिसरी शक्यता इंजेक्शनची आहे. तुम्हाला दिलेल्या इंजेक्शनांत स्टिरॉईड होतं का, हे जुन्या चिठ्ठ्यांवर बघा. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन किंवा हायड्रोकॉर्टिसोन अशी नावं असतील तर ती नव्या डॉक्टरांना जरूर दाखवा. स्टिरॉईडनं ताप आणि दुखणं दोन-तीन दिवस गायब होतं, भूकही लागते, आणि आत टीबी असेल तर तो मोकाट सुटतो. सलाईनचं म्हणाल तर अर्धा लिटरच्या पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते आणि साध्या सलाईनमध्ये साडेचार ग्रॅम मीठ. पाणी कमी पडलेल्या माणसाला त्याचा उपयोग आहे. अशक्तपणावर तो खर्च वाया जातो.

टेन्शनबद्दल मला तुमची आणि घरच्यांची, दोघांचीही बाजू घ्यावीशी वाटते. ताण आणि नैराश्य खरोखर थकवतात, भूक मारतात, तेही आजारच आहेत आणि त्यावर औषधं आहेत. पण रात्री अंथरूण भिजवणारा घाम आणि सहा किलो उतरलेलं वजन तपासण्या न करता टेन्शनच्या खात्यावर टाकायचं नसतं. आणि पुढं कुणी मनाच्या तब्येतीबद्दल विचारलं तर 'मला वेड्यात काढताय का' म्हणून चिडू नका. ब्रुसेलोसिसमध्ये मन उदास होतं, चिडचिड होते, झोप उडते, हे त्या आजाराचंच अंग आहे. शरीर की मन, असा निवाडा आधी करायची गरज नाही.

एक गोष्ट तुमच्या पत्रात नाही, आणि ती मला फार हवी होती. पाच महिन्यांच्या कसकसीत तापाचा एकही आकडा नाही. अंगाला हात लावून ताप कळत नाही. दोनशे-तीनशे रुपयांचा डिजिटल थर्मामीटर आणा. सकाळी उठल्याबरोबर, दुपारी चारला आणि रात्री नऊला, जिभेखाली ठेवून, तोंड मिटून मोजा. चहा किंवा गार पाणी प्यायलं असेल तर अर्धा तास थांबा. पॅरासिटामोल घेतली असेल तर वेळ लिहा, नाहीतर त्या आकड्याला अर्थ राहत नाही. सकाळी ९८.९च्या वर किंवा संध्याकाळी ९९.९च्या वर (फॅरनहाइट) वारंवार जात असेल तर तो ताप धरायचा. शेजारी घामानं कपडे बदलावे लागले का तेही लिहा, आणि आठवड्यातून एकदा, त्याच काट्यावर, वजन. सात दिवसांचा तक्ता पुरतो. तेवढ्यासाठी डॉक्टरांकडं जाणं मात्र लांबवू नका, अपॉइंटमेंट घ्या आणि तोवर मोजत राहा.

त्याच वहीत एक पान तुमच्या रोजच्या जगण्याचं लिहा. गाय कधी गाभडली, वार कुणी काढली, हातात काय होतं. दूध कच्चं पिता का, धारोष्ण दूध किंवा ताकदीसाठी शेळीचं कच्चं दूध कधी घेतलं का, चीक न शिजवता चाखला का. घरात आणखी कुणाला ताप, सांधेदुखी, पुरुषांपैकी कुणाला अंडकोषाला सूज आली का. घरात किंवा शेजारी कुणाला टीबी होता का. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता का, हृदयाच्या झडपेचं काही सांगितलं होतं का. पाळी कधी आली, गरोदर असण्याची शक्यता आहे का. आणि पाच महिन्यांतली सगळी औषधं, तारखांसकट. हे पान फायलीत सगळ्यात वर ठेवा. ओपीडीत मिळणाऱ्या पाच-सात मिनिटांत डॉक्टर जाड फाईल उलगडत नाहीत, एक पान वाचतात.

जायचं कुणाकडं? एमडी मेडिसिन झालेल्या डॉक्टरांकडं, शक्यतो सूक्ष्मजीवशास्त्र विभाग असलेल्या मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात. तुम्हाला मिरज, कराड, पुणे यांपैकी जे सोपं पडेल ते. तिथं पहिलं वाक्य असं म्हणा: "पाच महिने ताप-घाम आहे, त्याआधी गाभडलेल्या गाईची वार मी उघड्या हातानं काढली होती, मला ब्रुसेलोसिस आणि टीबी दोन्ही तपासून हवेत." असं बोलणं उद्धटपणाचं नाही. कामाची माहिती आहे ती.

ब्रुसेलासाठी आधी रोज बेंगाल नावाची झटपट चाचणी होते. ती पॉझिटिव्ह आली तर ट्यूब अ‍ॅग्लुटिनेशन किंवा एलायझा करून खात्री करतात. ट्यूबच्या चाचणीत १:१६० (रक्तद्रव १६० पट पातळ करूनही प्रतिपिंडं दिसणं) किंवा त्याहून वरचा आकडा, आणि सोबत लक्षणं, असं असेल तर निदानाकडं कल जातो. जनावरांत वावरणाऱ्यांच्या रक्तात जुनी प्रतिपिंडं असू शकतात, म्हणून नुसत्या आकड्यावर जायचं नाही. शंका राहिली तर दोन-तीन आठवड्यांनी परत करून तो चौपट चढतोय का ते बघतात. उलटी चूकही होते. प्रतिपिंडं फार जास्त असली आणि लॅबनं रक्तद्रव पुरेसा पातळ केला नाही, तर खरी पॉझिटिव्ह चाचणी निगेटिव्ह दिसते. म्हणून पातळपणाच्या पुढच्या पायऱ्याही बघायला डॉक्टर लॅबला सांगू शकतात.

रक्ताचं कल्चर त्याच वेळी व्हायला हवं, आणि अँटिबायोटिकआधी. वेगवेगळ्या जागांवरून दोन-तीन संच, दर बाटलीत ८ ते १० मिलि रक्त. रक्त कमी घेतलं की जंतू सापडण्याची शक्यता तितकी घटते, म्हणून 'किती रक्त काढतात' असं घाबरू नका. चिठ्ठीवर 'ब्रुसेलाची शंका' असं लिहिलेलं असणं फार गरजेचं आहे. हा जंतू सावकाश वाढतो, तेव्हा बाटली घाईनं टाकून दिली जाऊ नये हे एक कारण. दुसरं कारण लॅबमधल्या माणसांचं आहे. उघड्या टेबलावर हाताळताना हा जंतू त्यांनाच लागतो. शेवटचं अँटिबायोटिक आत्ताच संपलं असेल तर, तब्येत स्थिर असल्यास, डॉक्टर काही दिवस थांबून कल्चर करायचं ठरवतील.

त्यावरूनच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर येतं. 'जोरदार कोर्स' आत्ता नको. कल्चरचा पुरावा पुसला जातो, आणि ज्याला सहा आठवडे दोन औषधं लागतात त्याला सात दिवसांचं एक औषध पुरत नाही. पुन्हा आठ दिवस बरं वाटेल आणि तुम्ही आहात तिथंच याल.

टीबी तितकाच गांभीर्यानं बघायला हवा, कारण आपल्या देशात या लक्षणांमागं तो फार वेळा असतो. खोकला नाही म्हणून टीबी नाही, असं नसतं. गाठींचा, पोटाचा, मणक्याचा टीबी खोकल्याविना येतो. छातीचा एक्स-रे, पोटाची सोनोग्राफी, मान आणि काखेतल्या गाठी हातानं तपासणं, आणि गाठ किंवा छाती-पोटात पाणी सापडलं तर त्याचा नमुना सीबीनॅटला (टीबीचा जंतू थेट शोधणाऱ्या चाचणीला) पाठवणं, अशी ही वाट आहे. सरकारी दवाखान्यात सीबीनॅट मोफत होते. रक्तातल्या प्रतिपिंडांवरून टीबी ओळखणाऱ्या चाचण्यांवर भारतात २०१२ पासून बंदी आहे. टीबी गोल्ड ही रक्ताची वेगळी चाचणी आहे, पण ती पॉझिटिव्ह आली तर टीबीचा जंतू कधीतरी शरीरात शिरला होता एवढंच कळतं. आपल्याकडं असे लोक पुष्कळ आहेत, त्यांतल्या बहुतेकांना आजार नसतो.

कंबरदुखी पाच महिने आहे, म्हणून मणक्याच्या आणि कंबरेखालच्या (सॅक्रोइलियाक) सांध्याच्या एमआरआयबद्दल विचारा. ब्रुसेला आणि टीबी दोन्ही तिथं बसतात आणि साधा एक्स-रे सुरुवातीला स्वच्छ दिसू शकतो. बाकी सीबीसी, ईएसआर, सीआरपी, लिव्हर आणि किडनी, साखर, टीएसएच, लघवी, एचआयव्ही, कावीळ बी आणि सी हे एकाच वेळी होऊन जाऊ दे. हृदयाच्या झडपेवर बसलेलं इन्फेक्शन हेही असंच महिनोन्‌महिने छुपं राहतं. कल्चरमध्ये जंतू आला किंवा स्टेथोस्कोपला आवाज आला तर इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, लागतो. हिमोग्लोबिन १०.१ आहे, त्यावर लोहाची गोळी घ्यायला हरकत नाही, पण एवढ्याशा कमतरतेनं रात्री घाम येत नाही. फेरिटिन (लोहाच्या साठ्याची चाचणी) करणार असाल तर ध्यानात ठेवा: इन्फेक्शनमध्ये ते फुगतं, आणि लोह कमी असूनही नॉर्मल दिसतं.

ब्रुसेलोसिस निघालाच तर तो बरा होणारा आजार आहे, हे मला ठामपणे सांगायचंय. सहसा डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा सहा आठवडे, जोडीला सहा आठवडे रिफाम्पिसिन, किंवा सुरुवातीला स्ट्रेप्टोमायसिन अथवा जेंटामायसिनची इंजेक्शनं. मणका धरला असेल तर निदान तीन महिने. इथं एक धोक्याचं वळण आहे, म्हणून टीबी आधी तपासा म्हटलं. रिफाम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध आहे. आत टीबी दडलेला असताना ते टीबीच्या बाकीच्या औषधांविना दिलं, तर टीबीचा जंतू त्याला दाद देईनासा होऊ शकतो. शंका फिटलेली नसेल तर जेंटामायसिनची जोडी घेता येईल का, हे डॉक्टरांशी बोला.

डॉक्सिसायक्लिन पेलाभर पाण्याबरोबर घ्यायची आणि अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिका सोलवटते. दूध, लोहाची-कॅल्शियमची गोळी, अ‍ॅसिडिटीचं पातळ औषध यांच्यापासून दोन-तीन तास लांब ठेवायची. उन्हात कातडी भाजते, शेतात पूर्ण बाह्या आणि डोक्यावर पदर हवा. रिफाम्पिसिननं लघवी नारिंगी होते, ते रक्त नव्हे. पण गर्भनिरोधक गोळ्या त्या काळात भरवशाच्या राहत नाहीत. गरोदर असाल किंवा अंगावर पाजत असाल तर आधीच सांगा, औषधं वेगळी द्यावी लागतात. ताप बहुतेकांचा पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत जातो, आणि गोळ्या सुटतात त्या इथंच. सहा आठवडे पुरे करूनही काही जणांत आजार उलटतो, बहुधा पहिल्या सहा महिन्यांत, तेव्हा नंतरही तक्ता ठेवा. थकवा सगळ्यात शेवटी जातो. ताप गेल्यावरही त्याला काही महिने लागू शकतात.

आणि सगळं करूनही काहीच निघालं नाही तर? तेव्हा थकव्याची तऱ्हा बघायची. आज जास्त काम केलं की उद्या-परवा अंथरुणातून उठवत नाही, आणि हे सहा महिन्यांवर चाललंय, तर बऱ्याचदा व्हायरल आजारानंतर रेंगाळणारा एक वेगळा थकव्याचा आजार (एमई/सीएफएस) असतो. त्याचं निदान कुठल्याही रक्तचाचणीत होत नाही, आणि जोर लावून काम केलं की तो वाढतो. पण पाच महिन्यांत सहा किलो वजन उतरलेलं असताना डॉक्टरांना आधी तिथं पोहोचू देऊ नका.

वाट न बघता लगेच जायचं ते असं: पाय लुळे पडणं किंवा मुंग्या चढत जाणं, लघवी तुंबणं, धाप लागणं, असह्य डोकेदुखीबरोबर उलट्या, भ्रम.

आता गोठा, कारण पुढच्या महिन्यात शेळी विणार आहे. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन त्या गाईचं आणि बाकी जनावरांचं रक्त-दूध तपासून मागा. नमुने पुण्यात औंधच्या रोग निदान प्रयोगशाळेपर्यंत जाऊ शकतात. चार ते आठ महिन्यांच्या मादी वासरांना ब्रुसेलोसिसची लस आयुष्यात एकदा देतात, २०१९ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात ती मोफत आहे. दूध चांगलं उकळी आणूनच घरात वापरायचं, खरवस पूर्ण वाफवून, शेळीचं कच्चं दूध मुलांना नाही. घरात ज्यांना ताप-सांधेदुखी आहे त्यांचीही तपासणी तुमच्याबरोबरच होऊ दे.

शेळी विताना तुम्ही तिथं थांबू नका, आणि घरातल्या कुणा गरोदर बाईलाही जाऊ देऊ नका. जो थांबेल त्याच्या हातात कोपराच्या वरपर्यंत येणारे मोजे, तोंडाला मास्क आणि डोळ्यांना चष्मा हवा. वार अडकली तर ओढायची नाही, पशुवैद्यांना फोन करायचा. वार पडली की कुत्र्यांच्या तोंडी लागण्याआधी, विहिरीपासून लांब, कंबरभर खड्ड्यात चुना टाकून पुरायची आणि ती जागा ब्लीचिंग पावडरच्या पाण्यानं धुवायची. मोजे त्याच खड्ड्यात.